वीतभर कोपरा

दुपारी जेवून आम्ही तिघं राजवाडा बघायला गेलो: मी, माझे भाऊजी आणि त्यांची मुलगी, माझी भाची. राजे कधीच गेले, आता तिथे देशाचं कलासंग्रहालय आहे. मी सारा जन्म औषधांच्या दुकानात काढला. डोकं दुखलं की गोळी, पोट बिघडलं की पावडर. भुताखेतांशी माझा कधी संबंध आला नाही.

भाऊजींचं चित्र पहिल्यांदाच तिथल्या भिंतीवर लागलं होतं. भाऊजींचं म्हणायचं ते जग म्हणतं म्हणून. काढलं होतं माझ्या ताईनं. सगळीच तिनं काढली. खालचा उजवा वीतभर कोपरा ती कोरा सोडायची आणि भाऊजी तिथे ऐटीत सही ठोकायचे. आयत्या बिळावर नागोबा! ताई गेली तेव्हा भाची रांगत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

संगमरवरी जिना चढताना मी भाऊजींना म्हटलं, "आज तरी पोरीला खरं सांगा."

"गाडलेली मढी कशाला उकरतेस?" ते म्हणाले. "माझ्या नावामुळे विकली गेली ती चित्रं. तुझ्या ताईला कुत्रं विचारत नव्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाचं वाटोळं होऊ दे, असं मी तिथल्या तिथे अगदी मनापासून म्हटलं.

वरच्या दालनांत जुनी लाकडी जमीन आहे. तिला ओरखडे पडू नयेत म्हणून दारातली रखवालदारीण बुटांवर चढवायला कापडी पिशव्या देते. तिनं दोनच जोड पुढे केले.

"आणखी एक द्या," मी म्हटलं.

"कुणी मागे राहिलंय का?" तिनं जिन्याकडे पाहिलं. भाऊजी तिच्या नाकासमोर उभे होते.

"डोळे आहेत का बटणं?" भाऊजी तडकले. ती पुढच्या लोकांकडे वळली. दिवसभर उभं राहून दमली असेल बिचारी, असं मला वाटलं. भाऊजी तसेच बूट घालून तरातरा पुढे निघाले. टाचा चांगल्या कडक होत्या. आमच्या कापडी पावलांची सळसळ ऐकू येत होती. त्यांच्या बुटांचा आवाज येत नव्हता.

भाची झुंबरांचे फोटो काढत रेंगाळली. भाऊजींनी हाक मारली. तिनं मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा फोटो काढू लागली.

चित्र राणीच्या निजायच्या खोलीत होतं. ताईचं स्वयंपाकघर. खिडकी, ओट्यावर उपडं पातेलं, खाली काळ्यापांढऱ्या चौकोनांची फरशी. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता, ताईच्या पदराला यायचा तसा. भाऊजी सही बघायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

कोपऱ्यात सही नव्हती. फरशी पार चौकटीपर्यंत पोचली होती. एक काळा चौकोन, एक पांढरा, पुन्हा काळा. शेवटचा पांढरा अर्धाच होता आणि त्याचा रंग ओला होता.

मी बघत असताना तो पुरा झाला.

"इथे माझी सही होती," भाऊजी म्हणाले. "मी... माझं..." त्यांनी नाव सांगायला तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "तू सांग गं. माझं नाव काय?"

तेवढ्यात भाची आत आली. भाऊजींनी धावत जाऊन तिचा दंड धरला. एखाद्या वाट चुकलेल्या म्हाताऱ्याच्या हातातून सोडवावा तसा तिनं तो हलकेच सोडवून घेतला.

"काका, जरा बाजूला होता का? मला आईचं चित्र बघायचंय."

तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

भाऊजी माझ्याकडे बघत होते. एवढी गयावया मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. त्यांचं नाव माझ्या जिभेवर होतं. उच्चारायचाच काय तो अवकाश.

"मावशी, तुझ्या ओळखीचे आहेत का गं हे?"

"नाही बाई," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

भाऊजींचं तोंड हलत होतं, पण मला काही ऐकू येईना. भाची पुढे सरकली, ते उभे होते नेमकी तिथेच जाऊन उभी राहिली, आणि डोळे भरून चित्र बघू लागली.