राखणदाराच्या चपला

'वेशीचं रान' हा खेळ एकाच वेळी चाळीस हजार माणसं खेळत. कपाळाला पट्टा लावला की पायांखाली लाल माती यायची आणि समोर चेटकिणी, भुतं, तलवारी असं सगळं हजर व्हायचं. हे जग उज्ज्वला परुळेकरनं रचलं होतं, पण ते चालवायचा 'तोलक'.

तोलक हे एक गणकयंत्र होतं. खेळातली एखादी गोष्ट काढून टाकली तर हारजीत किती बदलेल, हे तो लाखो डाव स्वतःशीच खेळून ठरवी. त्या फरकाला म्हणायचं प्रभावांक. तलवारीचा सत्तर, मंत्राचा नव्वद. ज्याचा शून्य ती अडगळ, आणि अडगळ पुसली जाई. चेटकिणीची अंगाई अशीच गेली. तेव्हा उज्ज्वलानं ते चालवून घेतलं होतं. आता पाळी चपलांची होती.

रानाच्या वेशीवर एक राखणदार होता. रात्रभर गस्त घालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून जाणारा-येणारा त्याच्यापुढे नवा जोड ठेवी. बदल्यात काहीच मिळत नसे, उलट एक खेळी वाया जाई.

"ताई, चपलांना एखादा आकडा द्या," तोलकाचे जनक डॉ. गद्रे म्हणाले. "जोड ठेवला की दोन गुण. प्रथा वाचेल."

"ती लाच झाली, डॉक्टर. त्याचे पाय दुखतात म्हणून देतात लोक."

"त्याला पाय नाहीत. ते चित्र आहे."

"तुमचो आकडो माका नको!" उज्ज्वला उसळली. उद्या चपला पुसल्या जाणार, हे तिनं सगळ्या खेळाडूंना कळवून टाकलं.

त्या दिवशी रानात कुणी लढलंच नाही. चाळीस हजार माणसं हातातला डाव सोडून वेशीवर आली. चपलांचे डोंगर झाले.

दुसऱ्या सकाळी गद्र्यांचा आनंदानं फोन आला. "जिंकलात! इतक्या खेळ्या तिथं गेल्या की हारजीतच बदलली. चपलांचा प्रभावांक एक्क्याऐंशी! तोलकानं नियम केलाय. जोड न ठेवणाऱ्याला राखणदार झोडपणार."

"माझा राखणदार कुणाला मारत नाही!"

"आता मारेल."

उज्ज्वलानं पट्टा चढवला. वेशीवर रांग होती. निवृत्त शिक्षक केसरकर मास्तर रोज जोड ठेवताना वाकून विचारत, "बसतायत ना रे पायाला?" आज त्यांनी चालता चालताच जोड भिरकावला आणि ते पुढे सटकले. चपला वाचल्या होत्या आणि माया गेली होती, तीही तिच्याच हातून.

ती रिकाम्या हातांनी राखणदारासमोर उभी राहिली. त्यानं तिला ओळखलं नाही. त्याची काठी खांद्यावर बसली आणि उज्ज्वला गुडघ्यांवर आली.

"बाई, ठेवा ना एक जोड!" मास्तर ओरडले.

"भीतीनं नाही देणार. तुम्हीही देऊ नका."

मास्तर घुटमळले. मग मागे फिरले, ढिगातून आपला जोड उचलला आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्यामागून आणखी पाच-सहा जण आले.

तेवढ्यात वर आकाशात तोलकाची अक्षरं उमटली. नकार : प्रभावांक चार. बघता बघता नऊ. आता तो त्यांचा नकारही मोजत होता.

"मोज मेल्या," उज्ज्वला म्हणाली आणि काठीसमोर पुन्हा उभी राहिली.