बोटभर कमी

चौक गावाच्या नाक्यावर जयवंताचा गुत्ता होता, आणि तिथे दारूपेक्षा शिस्तच जास्त कडक मिळते, असं गिऱ्हाइकं हसून म्हणायची. जयवंता हसायचा नाही. त्याला हसायला वेळ नसे. एका हाताने फडकं, दुसऱ्या हाताने माप, आणि नजर बाकावर बसलेल्या माणसांच्या पायांवर, कारण चिखलाचे पाय घेऊन कोण आत आलं हे त्याला आधी बघायचं असे.

गुत्ता सरकारी परवान्याचा. पण नुसती दारू ओतून द्यायला त्याला कमीपणा वाटायचा. आलं ठेचून त्याचा रस, गवती चहाचं पाणी, बडीशेपेचा काढा आणि घरच्या कोकमाचं आगळ अशा चार बाटल्या त्याच्या फळीवर असत. आधी शिक्क्याच्या पितळी मापाने दारू मोजायची, मग गिऱ्हाइकाच्या देखत त्यात हवं ते घालायचं, वर गोटीचा सोडा फोडायचा. कोकमाची ती तांबडी, गवती चहाची ती हिरवी. पुण्याला मोटारीने जाणारे मुंबईचे साहेबलोकसुद्धा घाट चढायच्या आधी गाडी थांबवून तांबडी मागायचे. लढाईचे दिवस होते. लष्करी ट्रकांची रांग लागली की शिपाईही खुणेने तांबडी मागत.

प्रत्येक पेल्यावर जयवंताने कानशीने बारीक ओरखडा काढला होता. ओरखड्याला पेय टेकलं पाहिजे, वर नाही, खाली नाही. त्याचा बाप पिऊनच मेला होता, पाताळगंगेच्या कोरड्या पात्रात, भर उन्हात. शेवटी शेवटी गुत्तेवाले त्याला अर्धा पेला देऊन भरलेला म्हणून फसवायचे, आणि तो भांडत बसायचा. आईच्या गळ्याची शपथ घेऊन जयवंताने थेंबाला स्पर्श न करण्याचं ठरवलं, आणि धंदा करायचा तर माप खोटं द्यायचं नाही, हेही ठरवलं. माणसाकडे अभिमानाची म्हणून एक गोष्ट असते. जयवंताकडे ही होती.

मापाचं वेड घरातही होतं. गुत्त्याच्या मागच्या दोन खोल्यांत तो, बायको सुंदरा आणि सात वर्षांची सोमी राहत. दर पाडव्याला आणि दसऱ्याला तो सोमीला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं करायचा, डोक्यावर सुताराचा गुण्या ठेवायचा आणि कोळशाने रेघ मारायचा. या दसऱ्याची रेघ आधीच्या रेघेपेक्षा चांगली दोन बोटं वर गेली होती. दिवाळीपासून सोमी खुंटीवरची पाटीची पिशवी कुणाला न सांगता स्वतः काढू लागली होती, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

त्याच दिवाळीला जयवंताने गुत्त्याची शेणाने सारवलेली जमीन उकरून शहाबादी फरशी घातली. तिथूनच कटकट सुरू झाली. त्या मुलखातले लोक प्यायच्या आधी पेल्यात बोट बुडवतात आणि तीन थेंब जमिनीवर उडवतात. कुणासाठी ते कुणी नीट सांगत नाही. मागच्यांसाठी, म्हणतात. सारवलेली जमीन हे थेंब जिरवत होती. फरशीवर ते चिकटून बसू लागले. कोकमाचे डाग, त्यावर मुंग्या, मुंग्यांमागे माश्या. जयवंता सकाळ-दुपार गुडघ्यांवर बसून फरशी घासायचा आणि संध्याकाळी तीच गत.

शेवटी तो चिडला. भिंतीवर नियमांचा पत्रा होताच. माप पाहून घ्यावं, आरडाओरड करू नये, गाडीचे बैल दारासमोर सोडू नयेत, उष्टा पेला दुसऱ्याला देऊ नये, असे चार नियम कर्जतच्या पेंटरकडून लिहून आणले होते. त्याने पत्रा उतरवून पुन्हा कर्जतला नेला. पाचवा नियम चढला: जमिनीवर थेंब उडवू नयेत.

"मंग कुठं उडवायचं रं?" धाकलूने विचारलं. धाकलू म्हणजे गुत्त्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, सत्तरीचा, कुणबी. रोज दुपारी एक हिरवी घेऊन शांतपणे बसायचा.

"कुठंच नाय, काका. प्यायचं असंल तर प्यायचं. हितं काय देऊळ हाय?"

"उंबऱ्याभायेर?"

"उंबऱ्याभायेर पण फरशीच हाय."

धाकलू पत्र्याकडे बघत राहिला. वाचता येत नव्हतं, पण बघत राहिला. मग पेला तोंडाला लावला आणि सवयीने भिजवलेलं बोट धोतराला पुसलं.

महिनाभर सगळं छान चाललं. फरशी आरशासारखी. मुंगी नाही, माशी नाही. जयवंताला फार बरं वाटलं. इतका गोडवा उघड्यावर असताना एकसुद्धा मुंगी नसावी, हे जरा जास्तच होतं, पण ते त्याला तेव्हा सुचलं नाही.

मार्गशीर्षात सदूने पहिली तक्रार केली. सदू शिळफाट्याहून गाडीने गवत आणायचा. "जयवंता, माप कमी हाय," तो म्हणाला.

जयवंताला वाटलं, थट्टा करतोय. पण पेला हातात घेऊन बघितला, तर पेय ओरखड्याच्या बोटभर खाली.

"पिऊन मंग दाखवतोस व्हय रं!"

"व्हटाला लावला असंल तर जीभ झडंल."

जयवंताने पेला भरून दिला. दोन दिवसांनी पुण्याच्या एका साहेबाने तेच म्हटलं, तेही मोटारीतल्या बाईसाहेबांना ऐकू जाईल असं. मग रोजच सुरू झालं. फळीवर ओरखड्याला टेकलेला पेला चार पावलांवरच्या बाकावर पोचून गिऱ्हाइकाने उचलला की बोटभर कमी. जयवंताने पेले उन्हात धरून तडे शोधले, सापडले नाहीत. नवीन डझन आणला, त्यावर नवे ओरखडे काढले. फेस बसत असेल म्हणून सोडा बंद करून बघितला. मग स्वतः ओतून, स्वतः नेऊन, गिऱ्हाइकाच्या हातात देईपर्यंत डोळा न हलवता बघितलं. पेला भरलेला. गिऱ्हाइकाने तोंडाकडे नेला, आणि बोटभर कमी.

"लुच्चेगिरी," लोक म्हणू लागले. तोंडावर नाही, पाठीमागे, पण त्याच्या कानावर जाईल अशा बेताने. भर बाजारात कुणी थोबाडीत मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. बापाचं तोंड त्याला आठवायचं, अर्ध्या पेल्यावरून भांडणारं. आता ती फसवणूक आपल्या नावावर. तो गिऱ्हाइकांवर खेकसू लागला, सुंदरावर खेकसू लागला, एकदा सोमीवरही. अबकारी खात्याचा साहेब तक्रारीवरून आला, त्याने माप तपासलं, शिक्का तपासला, चार पेले ओतून बघितले. सगळं बरोबर. तसा शेरा लिहून दिला. जयवंताने तो शेरा भिंतीला डकवला. लोकांनी तो वाचला आणि हातातल्या कमी पेल्याकडे बघितलं.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी गुत्त्यात कुणी नव्हतं. बाहेर सडक तापून पांढरी झाली होती. आत मात्र फरशी गार होती, पायाला झोंबेल इतकी. उंबऱ्याबाहेर सावली धरून बसलेलं नाक्यावरचं कुत्रं हल्ली आत येत नाही, हे जयवंताच्या लक्षात आलं. त्याने एक पेला भरून बाकावर ठेवला आणि समोर बसून बघत राहिला. अर्धा तास गेला. ओरखडा हलला नाही.

मग धाकलू आला. काही न विचारता त्या बाकावर बसला आणि पेला उचलला.

"थांब काका. असाच धर. पिऊ नको."

धाकलूने पेला छातीशी धरला. दोघेही बघत होते.

पेय खाली जाऊ लागलं. सांडत नव्हतं. बुडबुडा नव्हता, आवाज नव्हता. पंगतीत कुणी रीतभात सांभाळून, घाई न करता प्यावं, तसं ते खाली गेलं. बोटभर खाली जाऊन थांबलं.

धाकलूचा हात स्थिर होता. त्याला हे माहीत होतं, एवढं जयवंताला कळलं.

"आमी देत व्हतो तवा तीन थेंबांत भागत व्हतं," धाकलू म्हणाला. "आता त्ये आपल्या हातानं घेत्यात."

"कोण?"

धाकलूने उरलेलं पिऊन टाकलं.

जयवंताने त्याच दुपारी रॉकेलच्या फडक्याने पाचवा नियम पुसला. लोकांना तोंडाने सांगितलं, उडवा बाबांनो, पाहिजे तेवढं उडवा. लोकांनी उडवलं. आणि तरीही पेले बोटभर कमीच भरले. आता मात्र तो रडकुंडीला आला. धाकलूला हात धरून कोपऱ्यात नेलं.

"आता काय करू, सांग."

"ज्यानं बंद केलं त्यानं द्याया पायजे. सोताच्या पेल्यातनं. तीन थेंब द्यायचं आणि उरल्यालं आपण प्यायचं."

"मी पीत नाय. तुला ठावं हाय."

"मंग त्ये दिलं न्हवं, जयवंता. सांडलं." धाकलूने हात सोडवून घेतला. "एका पंगतीत बसल्याबिगर कसं रं?"

जयवंता रात्रभर तळमळला. आईच्या गळ्याची शपथ एकीकडे, नाव एकीकडे. शेवटी त्याने हिशेबी माणूस काढेल तशी वाट काढली. धुळवडीच्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं जमलेली असताना त्याने स्वतःसाठी तांबडी भरली, बोट बुडवलं, तीन थेंब फरशीवर उडवले. पेला तोंडाला लावला. ओठ घट्ट मिटलेले होते. मान मागे टाकली, घसा हलवला, आणि मोरीकडे वळून पेला विसळल्यासारखं करत सगळं ओतून दिलं. लोकांनी आरोळी ठोकली. धाकलू मोरीच्या अगदी जवळ बसला होता. त्याने आरोळी ठोकली नाही.

त्या घडीपासून माप भरलं.

एक पेला कमी आला नाही. सदूने चार माणसांत माफी मागितली. पुण्याचे साहेब पुन्हा थांबू लागले. दुसऱ्या दिवशी फरशीवर मुंग्यांची रांग दिसली तेव्हा जयवंता तिच्याकडे बघून हसला, आणि त्याला हसताना बघून बाकावरची माणसंही हसली. धाकलू मात्र यायचा बंद झाला. म्हातारा माणूस, ऊन सोसत नसेल, असं जयवंताने स्वतःला सांगितलं.

"अवो, ह्या सोमीचा परकर बघा की," पाडव्याच्या आधी सुंदरा म्हणाली. "धुतल्यावर आटायचा सोडून लांब झालाय. पायात येतोय पोरीच्या."

"कापड सैल पडलं असंल," जयवंता म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. त्याला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागू लागली होती.

पाडव्याला गुढी उभारून झाली. सोमी नवं पोलकं घालून आपणहून चौकटीला जाऊन टेकली. जयवंताने तिच्या डोक्यावर गुण्या ठेवला, कोळसा उचलला, आणि हात तसाच राहिला.

दसऱ्याची रेघ गुण्याच्या वर होती.

"नीट उभी राहा गं. टाचा टेकव."

"टेकवल्यात की."

त्याने वाकून बघितलं. टाचा चौकटीला होत्या. गुडघे सरळ होते. त्याने गुण्या काढला, पुन्हा ठेवला. मग गुण्या आणि जुनी रेघ यांच्यामध्ये आपलं बोट आडवं धरून बघितलं. बोट नेमकं बसलं.

त्याला मोरी आठवली, आणि तिच्यातून शांतपणे निघून गेलेली ती तांबडी. गुत्त्यात जाऊन फळीवरचा पेला भरावा आणि शपथ मोडून घटाघटा प्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण आता ते चालेल का, हे सांगायला धाकलूही नव्हता.

"बा, किती वाढले?"

सुंदरा चुलीपाशी पुरण वाटत होती. तिने मान वळवली. जयवंता हसला. आयुष्यात ज्या हाताने थेंबाचं माप खोटं दिलं नव्हतं, त्या हाताने त्याने जुन्या रेघेच्या वर, बोटभर वर, नवी रेघ मारली.

"हितपर्यंत."

सोमी वळून रेघेकडे बघत राहिली, मग टाळ्या पिटत पळाली. पाडव्याच्या दिवशी नव्या पाटीवर पहिलं अक्षर काढायचं होतं. ती खुंटीखाली उभी राहिली, हात वर केला, टाचा उचलल्या. बोटं पिशवीच्या खाली हवेतच हलत राहिली.

"आये," तिने हाक मारली, "एवढी पिशवी काढून दे गं."