बाई म्हणजे तोंड

"सिस्टर, ते तुम्हाला हाक न्हाई मारून राहिले."

आनंदराज माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. याहून गोड सुरुवात मला चालली असती, पण घडलं ते असं.

मी महामाया, अर्धापूरची. लातूरच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पुरुषांच्या वॉर्डात माझी पोस्टिंग लागली होती. रोज एक पेशंट घ्यायचा, त्याची सगळी हिस्टरी विचारायची, डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं आणि फॉर्म भरायचा. त्या दिवशी वाट्याला आले संगप्पा आजोबा. सत्तरीचे, कर्नाटकातल्या एका खेड्यातले. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी. निलंग्याकडे दिलेली त्यांची लेक पार्वतीबाई सोबत होती, तिलाच मी सगळं विचारलं.

"महिना झाला, जेवतच न्हाईत. लई वाळले," एवढं सांगून ती औषधं आणायला खाली गेली.

जेवत नाहीत म्हणजे पोटाचं काहीतरी, असं मी ठरवून टाकलं. हाताने पोट दाबून पाहिलं, स्टेथोस्कोप तळव्यात गरम करून छाती ऐकली. आजोबा सारखे "बाई... बाई..." करत होते आणि मी दर वेळी "हां आजोबा, झालंच" म्हणत होते. फॉर्म भरला, सही ठोकली. तेवढ्यात रक्त घ्यायला लॅबमधला आनंदराज आला आणि ते हाकेचं पहिलं वाक्य बोलला.

"मग कुणाला हाक मारताहेत?" मी विचारलं.

"कुणालाच न्हाई. कानडीत बायि म्हंजे तोंड. तोंड दुखून राहिलंय त्यांचं."

त्याचं गाव निलंगा तालुक्यातलं, सीमेला लागून. कानडी त्याला लहानपणापासूनची. त्याने आजोबांना काहीतरी विचारलं आणि आजोबांनी लगेच आ केला, महिनाभर याचीच वाट पाहत असल्यासारखा. मी टॉर्च मारला. उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आणि मधोमध हरभऱ्याएवढी टणक गाठ.

फॉर्मवर माझ्या अक्षरात होतं – तोंड, जीभ, हिरड्या : नॉर्मल.

मी आजोबांना तोंड उघडायलाच लावलं नव्हतं. तंबाखूचा वास येत होता म्हणून टाळलं. कारण तेवढंच, त्याला काही मुलामा देण्यात अर्थ नाही. वॉर्डच्या इन्चार्ज गौसिया मॅडमना कळलं तर पोस्टिंग पुन्हा, परीक्षा लांबणीवर आणि नांदेडची ठरलेली नोकरी हातची जाणार. मी टेबलाशी गेले, एक कोरा फॉर्म घेतला आणि घडी घालून एप्रनच्या खिशात टाकला.

आनंदराज शेजारी उभा राहून नळ्यांवर नावं लिहीत होता. मान वर न करता हळूच म्हणाला, "पान बदलून टाका सिस्टर. कुणाला कळतंय? मी काय बोलणार न्हाई."

मला असा राग आला! जे मी करणारच होते, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की किती घाण वाटतं...

"तुम्हाला कुणी विचारलं, दादा?" मी म्हणाले आणि तोच भरलेला फॉर्म घेऊन तडक मॅडमकडे गेले. 'नॉर्मल'वर एक आडवी रेघ मारली, खाली दिसलं ते लिहिलं, वेळ टाकली, सही केली.

गौसिया मॅडमनी आधी डॉक्टरांना बोलावलं. मग माझ्याकडे वळल्या. "तीन आठवडे ज्यादा पोस्टिंग, बेटा. आणि रोज सकाळी अख्ख्या वॉर्डाची तोंडं तू बघायची. एक पण सोडायचं नाही."

म्हणजे रोज तीस तोंडं. मी टॉर्च घेऊन एका टोकाकडून निघायची आणि तो नळ्यांचा ट्रे घेऊन दुसऱ्या टोकाकडून. मधल्या खाटेपाशी गाठ पडायचीच. ती पडावी म्हणून कोण चाल हळू करायचं, हे मी सांगणार नाही.

"किती झाली?"

"अठरा."

"एकोणिसावं बघता का?" त्याने स्वतःच आ केला.

"तंबाखू?"

"न्हाई."

"सुपारी?"

"...कधीमधी."

"सोडा. जीभ बाहेर काढा." त्याने खरंच काढली. "दात चांगले आहेत," मी म्हणाले. नोकरीचा कॉल आल्यासारखा खूश होऊन तो पुढच्या खाटेकडे गेला.

मग तो मला रोज दोन-तीन कानडी शब्द शिकवू लागला, माझ्या तपासणीच्याच क्रमाने. तले म्हणजे डोकं, कण्णु म्हणजे डोळा, मूगु म्हणजे नाक. गळ्यापर्यंत यायला आठवडा लागला. "आता पुढे?" मी विचारलं. "एदे," तो म्हणाला, "...छाती," आणि एकदम खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि एक ॲम्ब्युलन्स. बघण्यासारखं काही नव्हतं.

"सगळ्यांना दादा म्हणता, ठीक हाय," एकदा तो म्हणाला, "मला तेवढं नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"...काहीच नका म्हणू."

काहीच न म्हणता हाक मारायची, तर मराठीत 'अहो' तेवढं उरतं. ते पहिल्यांदा तोंडातून निसटलं तेव्हा सात नंबरच्या खाटेवरचे दम्याचे पेशंट शेषेराव काका खोकल्याच्या नावाखाली हसले. दम्याचा खोकला कसा असतो ते मला कळतं. हा तो नव्हता.

आजोबांचा रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण वेळेत सापडला होता. ऑपरेशन चांगलं झालं. पार्वतीबाई पाया पडायला वाकली तेव्हा मी मागे सरले. "सिस्टरनी खरं सांगितलं म्हणून झालं," आनंदराज तिला म्हणाला. माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला हवं होतं, फार हवं होतं. पण ते ज्या मुलीसाठी होतं ती मुलगी मी नव्हते. खिशातला कोरा फॉर्म त्याला कुठे माहीत होता?

शेवटच्या दिवशी दुपारी तो ट्रे न घेताच जिन्यात येऊन उभा राहिला.

"उद्यापासून दिसणार न्हाई तुम्ही."

"परीक्षा आहे. मग नांदेड."

"त्या दिवशी पान बदला म्हणालो, चुकलं माझं. तुम्ही ऐकलं असतं तर तुमचं काम सोपं झालं असतं. पण मंग... मंग तुम्ही मला इतक्या आवडल्या नसत्या."

त्याने सरळ सांगून टाकलं. मी गप्प राहिले असते तर सगळं माझंच होतं. त्याच्यावर माझं प्रेम होतं, म्हणूनच गप्प राहणं जमेना.

"ऐका... मी तुम्हाला वाटते तेवढी खरी नाही. कोरा फॉर्म मी आधीच घेतला होता. तुम्ही बोललात तेव्हा तो माझ्या खिशात होता."

तो जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत राहिला. मग हळूच हसला.

"म्हाईत हाय."

"...काय?"

"कोपरा बाहेर दिसत होता. एकट्यानं करायला लई जड जातं असलं काम. म्हणलं, मी म्हणालो म्हणून तुम्ही केलं, एवढं तरी राहील तुमच्या मनापाशी." तो थांबला. "आन् तुम्ही तो कोरा तसाच खिशात ठेवून भरलेला मॅडमकडं नेलात."

मला रडू आलं आणि त्याचा पुन्हा राग आला, दोन्ही एकदमच.

"तीन आठवडे माहीत होतं, तरी बोलला नाहीत?"

"तुम्ही सांगता का बघून राहिलो होतो. राग आला?"

"हाव. आला."

"किती दिवस राहील?"

"घरी येऊन माझ्या बाबांशी बोललात की बघू."

त्याने मान खाली घातली. कान लाल झाले होते. मग त्याने एवढंच विचारलं, "अर्धापूरला थेट गाडी हाय का, का नांदेडला बदलावं लागतं?"

"नांदेडला बदलावं लागतं," मी म्हणाले. "रविवारी फार गर्दी असते. शनिवारी या."