पुंजाजींच्या भोपळ्याचा खून

सकाळी ज्या भोपळ्याला झेंडूचा हार घातला, त्याचा वेल दुपारी मेला. हार घालताना भगवंतराव जातीने हजर होते, त्यामुळे या मृत्यूचं त्यांना घरचं कोणी गेल्यासारखं वाईट वाटलं.

भोपळा रिसोडच्या पुंजाजींच्या परसात वाढत होता. लाल भोपळा, एवढा थोर की त्याला खाली कडब्याची गादी लागे. सन पस्तीसच्या त्या चैत्रात वाशीमला शेतकी प्रदर्शन भरायचं होतं. बक्षीस गोरा साहेब वाटणार होता, आणि भोपळा पाहून साहेब आपल्याला ‘रावसाहेब’ करील अशी पुंजाजींना खात्री होती. पदवी येईपर्यंत पडून राहू नये म्हणून त्यांनी ती तूर्त भोपळ्यालाच देऊन टाकली होती. घरातले सगळे त्याला रावसाहेब म्हणत.

त्या सकाळी गावातली चार प्रतिष्ठित माणसं दर्शनाला आली होती. पानांच्या गर्दीत रावसाहेब कोणाला दिसेना. तेव्हा पुंजाजींच्या पत्नी गोजराबाई चहाची बशी सावरत पुढे झाल्या, बोट सरळ रोखलं आणि म्हणाल्या, "तो काय, तिकडं."

भगवंतराव नीट पाहायला सरसावले आणि बाजूच्याच भेदऱ्यांच्या, म्हणजे टमाट्यांच्या, वाफ्यात गेले. नवा जोडा चिखलात रुतला. त्यांनी तो गुपचूप उपसून काढला. प्रतिष्ठित माणसाला चारचौघांत रुतून चालत नाही.

ऊन तापलं तशी वेलाची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबली. पुंजाजी धावत पंजाबरावांच्या दारात आले.

पंजाबराव उभी हयात चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर काढून निवृत्त झाले होते. गाडीतल्या पेंढ्यांखाली काय दडलंय हे बैलाच्या चालीवरून ओळखणारा माणूस. आता ते गुप्तहेर होते, आणि ही गोष्ट अख्ख्या रिसोडला ठाऊक होती. भगवंतराव त्यांचे जोडीदार. ते कोर्टात कारकून होते; पुरावा समोर आला की त्यावर शिक्का मारावा, विचार करू नये, अशी त्यांची सवय.

"खून झाला, पंजाबराव!" पुंजाजी ओट्यावर बसले. "सोमल्यानं रावसाहेबाले मारलं!"

"मंग मले कायले बोलावता? मारनारा तर तुमाले सापडला."

"कबूल करत नाई ना तो! कोतवालाले सांगून ठेवलं म्या. संध्याकाळी त्याले चावडीवर नेतीन. आता तांड्याच्या एकाबी मानसाले या गावच्या बाजारात पाय ठेवू देनार नाई."

सोमला हा पुंजाजींचा गडी. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून रोज येई, विहिरीचं पाणी शेंदून वेलाला घाली. भगवंतरावांना त्याची एकच गोष्ट ठाऊक होती: तो कोणाकडे मान वर करून पाहत नसे. चावडीवर ही गोष्ट त्याच्या विरुद्ध जाणार, हे त्यांना कोर्टातल्या अनुभवाने कळलं.

परसात पंजाबराव गुडघ्यांवर बसले. वेलाच्या आळ्यातली माती भुसभुशीत आणि कोरडी होती. त्यांनी ती बोटांनी उकरली. जमिनीखाली दोन बोटं खोल वेल सफाईने कापलेला होता. वरून माती पुन्हा सारखी थापलेली. कापल्या जागी करडं काहीतरी चिकटलं होतं.

"राख," पंजाबराव वास घेऊन म्हणाले. "चुलीची."

"इखारी असंन," भगवंतरावांनी शिक्का मारला.

"राख झाडाच्या जखमेले लावतेत, भगवंतराव. सडू नाई म्हनून." पंजाबराव उठले. "पुंजाजी, आळं कोरडं काहून?"

"इहीर तळाले गेली. पंधरवडा झाला, घरातला थेंबन् थेंब रावसाहेबाले. पहाटे घरचं वापरलेलं पानी ही टाकते, मंग दिवसभर सोमला. आज पाव्हन्याच्या गडबडीत त्याचं पानी राहून गेलं. दुसऱ्या झाडाले तांब्याभर पानी घालन त्याची खैर नाई, असा माझा कायदा हाय."

"आज पहाटे टाकलं का, वहिनी?"

"टाकलं ना," गोजराबाई म्हणाल्या. त्या भेदऱ्यांपाशी उभ्या राहून पानं चाचपत होत्या. मिरचीची रोपं मान टाकून होती, दोडक्याचा वेल मांडवावरच वाळला होता. भेदरी मात्र बऱ्यापैकी तरतरीत दिसत होती.

"वा, फळ धरलं की!" भगवंतरावांनी एका हिरव्या गोळीकडे बोट केलं.

"बोट नका दावू!" गोजराबाईंनी पदराने ते फळ झाकलंच. "कवळं फळ झडते ना बोट दावल्यानं. बोट मोडून दावा."

भगवंतरावांनी ओशाळून बोट दुमडलं. पुंजाजी हसले. "हिचं हे असंच. शेजारच्या कारल्याले कोनी बोट दावलं तरी भांडते."

सोमला पडवीत खाली मान घालून बसला होता. त्याचा विळा पुराव्यादाखल खुंटीला टांगला होता.

"काहून रे, रामनवमीले पोहरादेवीले जायाचं होतं न तुले?" पंजाबरावांनी विचारलं.

"लेकाचं जावळ हाय, मालक. देवीले बोललेलं. सुट्टी मांगतली त नाई म्हने. भोपळा सुकन म्हने."

"मंग राग आला असंन."

"आला ना." सोमल्याने तळवे उघडले. दोराने सोलून निघालेले, मध्ये लाल. "पन मी कायले कापीन? आळ्यात पानी तं मीच शेंदून टाकलं ना सारं. आपलंच पानी कोन मारते?"

पुंजाजी ओरडले, "पाहा, कसा बोलून राह्यला!"

शेवटी शेजारच्या कस्तुराबाई. त्यांच्या भिंतीवर वेल चढला होता आणि त्याच्या सावलीत त्यांची मिरची पिवळी पडली होती. त्या चौकशीची वाट पाहत भिंतीवरून डोकावूनच उभ्या होत्या.

"मले इचारा ना! म्या कापला असता तं भरदिवसा, हलगी वाजवून कापला असता. आन मुळाशी कायले? माझ्या भिंतीवरचाच कापला असता. हाय का नाई?"

"हाय," पंजाबराव म्हणाले.

कोतवाल यायची वेळ झाली. पंजाबरावांनी सगळ्यांना आळ्याभोवती उभं केलं. कस्तुराबाई भिंतीपलीकडे होत्याच.

"इळा मोठा," त्यांनी सुरुवात केली. "मातीत घालून कापला असता तं आजूबाजूच्या साऱ्या मुळ्या ओरबाडल्या असत्या. हा घाव बारक्या पात्याचा. कापून त्याले राख लावली. रागानं मारनारा मलमपट्टी करत नाई. हात सवयीचा होता. छाटलं की राख, हे त्या हाताले झोपेतबी ठाऊक. म्हनजे मारनाऱ्याचा या येलावर जीव होता."

"माझाच होता!" पुंजाजी म्हणाले.

"तुमचा पदवीवर होता." पंजाबराव वळले. "भगवंतराव, जोडा दाखवा."

भगवंतरावांनी दचकून पाय पुढे केला. चिखल वाळून पांढरा पडला होता.

"सकाळी, सोमला तांड्याहून यायच्या आधी, हा जोडा भेदऱ्याच्या वाफ्यात रुतला. आळं मात्र कोरडं. पंधरवड्यात पहिल्यांदा घरचं पानी भेदऱ्याले गेलं. येल तर तवा हिरवागार होता, ऊन लागलं नव्हतं. त्याले आता पानी नाई लागत, हे सकाळीच कोनाले ठाऊक होतं?"

भगवंतरावांना आपला जोडा एकदम जड वाटू लागला.

"तरी मले शंका होती. पानी चुकूनबी पडते. पन मंग भगवंतरावांनी भेदऱ्याले बोट दावलं." पंजाबरावांचा आवाज खाली आला. "जी बाई परक्याच्या कारल्याले बोट दावू देत नाई, तिनं आज चार मानसांसमोर वाढत्या रावसाहेबाले सरळ बोट दावलं. आता झडाले काई उरलं नाई, हे तिच्या बोटाले ठाऊक होतं. तिनं सांगतलं नाई, बोटानं सांगतलं."

सगळे गोजराबाईंकडे पाहत होते. त्यांनी पदर सावरला.

"हौ. मीच. इळीच्या निघालेल्या पात्यानं. बी म्याच टोचलं होतं, मंग मीच कापला." त्या नवऱ्याकडे नव्हे, आळ्याकडे बघत बोलत होत्या. "दोडका वाळला, मिरची वाळली. घरच्या भाजीले शेजारी हात पसरावा लागला. या सोमल्या लेकराचे हात पाहा. देवीचं जावळ अडवलं, तेबी एका भोपळ्यासाठी. रातच्याले मले झोप येईना. तुमाले सांगून पाह्यलं. तुमी त्याले हार घालून राह्यले होते."

"मंग सोमल्याचं नाव घेतलं तवा काहून गप राह्यली?" पुंजाजींनी विचारलं.

"तुमी पंजाबरावाईले बोलवाले गेले, तवा म्हटलं, थे शोधतीन. नसतं शोधलं तं चावडीवर म्याच येनार होती." त्या पहिल्यांदा नवऱ्याकडे वळल्या. "भेव वाटत होतं. थेवढं खोटं नाई सांगत."

दारात कोतवालाची काठी वाजली. पुंजाजींनी रावसाहेबाकडे पाहिलं. हार अजून ताजा होता. त्यांनी खुंटीवरचा विळा काढला, सोमल्याच्या हातात दिला आणि स्वतःच दाराकडे गेले. भगवंतरावांना एवढंच ऐकू आलं, "चूक माझी झाली. तांड्याले म्या बोललो थेबी माघारी घेतो. चावडीत चला, साऱ्यांसमोर सांगतो."

सोमला दुसऱ्या दिवशी बायकोलेकरासह पोहरादेवीला निघाला. भोपळा पुरेसा पिकला नव्हता, पण भाजी गावभर पुरली. कस्तुराबाईंनी दोनदा मागून नेली आणि दोनदा नावं ठेवली. साहेब वाशीमला येऊन गेले. पुंजाजी गेलेच नाहीत.

पुढच्या महिन्यात भगवंतराव सहज परसात डोकावले. भेदऱ्यांना लाली चढू लागली होती, आणि मांडवावर दोडक्याचा नवा वेल चढू लागला होता. जावळ काढलेलं एक तुळतुळीत डोकं सोमल्याच्या खांद्यावर झोपलं होतं.

"वा!" भगवंतरावांनी दोडक्याच्या पहिल्या कळीकडे बोट उचललं.

पुंजाजी झटक्याने पुढे आले. त्यांनी ते बोट मुठीत धरलं आणि हलकेच दुमडलं.

"तसं नाई, भगवंतराव," ते हळू आवाजात म्हणाले, आणि गोजराबाई ऐकताहेत का ते पाहून घेतलं. "बोट मोडून."