गवताला तुरा आला

मी ओढ्याकाठी पालथी पडून भिंगातून गवत बघत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "कानातलं हरवलं का?"

वनरक्षक होता. शर्टाचं एक बटण तुटलेलं, डोळे मात्र हसरे. मी म्हटलं, "हरवलेलं सापडलंय… हे गवत."

मग त्याला सगळं सांगितलं. हे गवत फक्त जुन्या झाडांच्या ओल्या सावलीत वाढतं. पूर्वी तीन जंगलांत होतं. दोन ठिकाणची झाडं तुटली, पाठोपाठ गवतही गेलं. उरलंय ते या ओढ्याच्या दोन काठांवर, आणि नवा रस्ता नेमका इथूनच जाणार. संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत नाव लागलं तरच तो वळेल. पण यादीवाल्यांना नुसती पानं चालत नाहीत, फुलात असताना कापलेला तुरा लागतो. तोही महिनाअखेरच्या आत.

मग मी दर शनिवारी जाऊ लागले. अलीकडचे ठोंब मी बघायचे, पलीकडचे तो. तो वाटेतले काटे आधीच बाजूला करून ठेवायचा, थर्मासच्या झाकणातून मला चहा द्यायचा आणि पलीकडून मान हलवायचा — अजून नाही. गवत बघायला इस्त्रीचे कपडे कशाला लागतात, असं आई विचारायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

चौथ्या शनिवारी मी लवकर पोचले आणि चपला हातात घेऊन ओढा ओलांडला. अलीकडे एकही तुरा आला नव्हता, पलीकडे होते… वाळलेले, दाणे गळून गेलेले. फुलून दोन आठवडे तरी झाले होते, आणि यादी सोमवारी बंद होणार होती. मला रडूच आलं.

तो आला, माझा चेहरा बघितला आणि गुपचूप पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली. आत तुरा होता, मी शिकवलं होतं तसाच दाबून वाळवलेला. शेजारी तारीख, सावली, ओढ्यापासूनचं अंतर, सगळं लिहिलेलं.

"फुलला त्याच दिवशी कापून ठेवला," तो खाली बघत म्हणाला. "आज देणारच होतो. आधी दिला असता तर… तुम्ही कशाला आला असतात? खोटं बोललो, चुकलंच माझं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. तसाही रागवायचा मला हक्क नव्हता.

"तुरा तुमच्याकडून पोस्टानेही मागवता आला असता मला," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मी."

तो कानापर्यंत लाल झाला.

सोमवारी गवताचं नाव यादीत लागलं, त्याच आठवड्यात रस्ता वळवायचं ठरलं. मला तिथे काही कामच उरलं नव्हतं. तरी शनिवारी गेले. तो काठावर उभा होता.

"आता काय बघायला आलात?" त्याने विचारलं.

"तुम्हाला," मी म्हटलं.