मधला कोरा थर

संग्रहालयाच्या तळघरात बसून दगडात अडकलेले जीवाश्म मोकळे करणं, हे माझं काम. सुई, ब्रश, भिंग आणि दिवसभर मान मोडून बसणं. त्या आठवड्यातल्या शिळेत खाली शिंपल्यांची नुसती दाटी होती, मग वीतभर कोरा थर, आणि त्यावर एकदम एकच प्राणी. अख्खा, असंख्य पायांचा, डोळ्यांसकट. खाली त्याच्यासारखं काही नाही. त्याच्या वर तर साधा शिंपलाही नाही.

"हा काय आभाळातून पडला?" आमच्या फोटोग्राफरनं विचारलं.

माझं डोकंच फिरलं. पुरावा सापडला नाही म्हणजे पूर्वज नव्हते असं होतं का, म्हणून मी त्याला चांगलाच झापला. मग नेहमीप्रमाणे कोरा थर छिन्नीनं फोडून कचऱ्यात टाकला. त्यात ठेवण्यासारखं असतंच काय!

संध्याकाळी घरी आले तर टेबलाशी एक माणूस जेवत होता. आई त्याला वाढत होती. माझी लेक, छोटी, दाराआड उभी होती, भेदरलेली.

"दादाला पाणी दे," आई म्हणाली.

मी आईची एकुलती एक. आधी थट्टाच वाटली, म्हणून हसले. त्या माणसानं मान वर केली आणि मुक्काम लांबवलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मला त्याची भीती वाटली, आणि भयंकर रागही आला.

मी अल्बम ओढून काढला. सुरुवातीला आई, बाबा, मी, मावश्या, सगळा गोतावळा. मग कोरी पानं. मग तो. एकदम चाळिशीचा, मधोमध उभा.

"ह्याचा लहानपणचा एक तरी फोटो दाखव," मी आईवर ओरडले.

"फोटो नाही म्हणजे तो नव्हता असं होतं का गं?" आई शांतपणे म्हणाली.

माझंच वाक्य. फोटोग्राफरला ऐकवलेलं.

पुढची पानं उलटली. सगळीकडे तोच. छोटीच्या वाढदिवसाचा केक होता, मेणबत्त्या होत्या. फुंकर मारायला तो वाकला होता.

छोटीला उचलायचं आणि बाहेर पडायचं, बस्स. मी दाराकडे धावले.

दाराआडच्या मुलीनं माझी ओढणी धरली.

"आई, भूक लागली."

मी खाली वाकले. गोड पोर होती.

"कुणाची गं तू?" मी विचारलं, आणि दादाला पाणी द्यायला गेले.