लपवलेली ओळ

विरूपाक्ष उदगीरच्या त्या दवाखान्यात गेला तो अगदी साध्या कामासाठी. दोन वर्षांपूर्वी नंबर लावायचा प्रोग्राम त्यानंच तिथल्या संगणकावर बसवला होता. ओपीडीतल्या टीव्हीवर पेशंटची नावं एकाखाली एक दिसायची. जी ओळ दिसे, तिचंच नाव स्पीकर पुकारायचा. प्रोग्रामच्या चौकटीत आतून वेबपान होतं, आणि दुरुस्तीला सोपं जावं म्हणून त्यानं त्यातच इन्स्पेक्टर ठेवला होता. माउसचं उजवं बटण दाबलं की खाली खिडकी उघडायची, आणि पान कशाकशाचं बनलंय ते सगळं दिसायचं. लपवलेलंसुद्धा. काम सोपवताना तो काढून घ्यायचा असतो. एकट्यानं शिकलेल्या माणसाला हे सांगणार कोण? राहून गेला. आज तो काढायला विरूपाक्ष आला होता.

"अण्णा, चहा सांगू, का मशीनच खाणार आज?" काउंटरवरची मंजुश्री म्हणाली.

"आधी मशीन."

तिची आई कमलम्मा याच हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या बाकड्यावर नंबरची वाट बघत वारली होती. प्रोग्राम बसवला त्याच आठवड्यात. तिचं नाव वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट लांबलचक टाकलेलं. ते दोन ओळींत मोडून खालच्या नावांना टीव्हीबाहेर ढकलत होतं. विरूपाक्षनं इन्स्पेक्टर उघडून ती ओळ तेवढी दिसेनाशी केली. जेवून येऊन नीट करू, म्हणून तो खानावळीत गेला. परतला तेव्हा बाकड्याभोवती माणसं जमली होती. त्यानं संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि केल्याची खूण पुसली गेली. आजवर कुणालाच कळलं नव्हतं.

त्यानं उजवं बटण दाबलं. टीव्हीवर बारा नावं होती. इन्स्पेक्टरमध्ये ओळी तेरा.

सहाव्या आणि सातव्या नावाच्या मधली ओळ फिकट होती, लपवलेली. कमलम्मा सिद्रामप्पा... पुढं प्रतीक्षेची मिनिटं. आकडा दहा लाखांच्या वर गेला होता आणि अजून चालूच होता. आजच्या यादीत हे नाव नव्हतं. त्यानं दोनदा तपासलं. ओळ पुसली. पंखा एक गिरकी घेईपर्यंत ती परत आली. फिनेलच्या वासात कुठून तरी विभूतीचा वास मिसळला.

"काय पाहून राहिलात, अण्णा?" मंजुश्री मागं येऊन उभी होती.

त्यानं खिडकी झाकली. "काही नाही."

आई बसली होती त्या बाकड्याकडं बघत ती म्हणाली, "अव्वाला ऐकू कमी यायचं. नाव पुकारलं असंल... मी पाणी आणाया गेले, तेवढ्यातच. रोज वाटतं, दोन मिनटं थांबले असते तर..."

नाव पुकारलंच नव्हतं, मंजू. एवढंच तर विरूपाक्षला म्हणायचं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नको."

तिनं मान हलवली आणि काउंटरवर गेली.

त्यानं इन्स्पेक्टर मुळासकट काढला, प्रोग्राम नव्यानं बसवला. उजवं बटण दाबून पाहिलं. काहीच उघडलं नाही. लपवलेलं आता कुणालाच दिसणार नव्हतं. त्यानं पिशवी उचलली.

"अण्णा..." मंजुश्रीचा आवाज अगदी हळू होता. "सहाच्या खाली एक ओळ मोकळीच हाय."

त्यानं टीव्हीकडं पाहिलं.

"नाव न्हाई. नुसती मिनटं हायत. कुणाची मोजून राहिलंय हे?"

ओळीत अकरा मिनिटं होती. घड्याळात एक एकतीस. एक वीसला तो 'झालं ते झालं' म्हणाला होता.

हॉल भरला होता, माणसं भिंतीला टेकून उभी होती. कोपऱ्यातल्या बाकड्यावर मात्र कुणी बसलं नव्हतं. विरूपाक्षनं मंजुश्रीकडं पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती.

अकराचे बारा झाले.